गाडीतच ऑफिस: खान्देशातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावचा. काम सॉफ्टवेअर सपोर्टचं, गाडी अर्टिगा. महिन्यातले आठ-दहा दिवस गाडीतूनच काम करतो. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून विचारणा येत असतात आणि बहुतेक प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. जवळजवळ सगळे आधी नेटचं विचारतात. आपल्या भागात खरी अडचण उन्हाची आहे, म्हणून नेटचा नंबर खाली गेला आहे.

१. गाडीतून काम करायचं तर सुरुवात कुठून करू? आधी काय विकत घेऊ?

आधी काहीच घेऊ नका. एका सुट्टीच्या दिवशी आहे ती गाडी घेऊन घरापासून वीसेक किलोमीटरवर जा आणि सकाळी नऊ ते पाच खरंच काम करून बघा. पाठ दुखते, उकडतं, चार्जिंग संपतं की मीटिंगमध्ये आवाज तुटतो, हे त्या एका दिवसात कळतं. पहिला खर्च तिथेच करा. माझा पहिला खर्च चाळीस रुपये मीटरच्या शेडनेटवर झाला.

२. माझ्याकडे इको आहे (कोणाकडे बोलेरो, कोणाकडे वॅगन-आर). चालेल, की वेगळी गाडी घ्यावी लागेल?

चालेल. मागचं सीट सपाट दुमडतं का आणि दुमडल्यावर पाय खाली सोडून बसता येतं का, एवढंच बघा. इकोत जागा चांगली, पण टपाचा पत्रा पातळ असल्याने तापते फार. बोलेरो सातपुड्याच्या रस्त्यांना उत्तम, मात्र मागची आडवी सीटं कामाला गैरसोयीची. वॅगन-आरमध्ये एकट्याचं छान भागतं. इको सीएनजी असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

३. एप्रिल-मेमध्ये हे जमतं का? माझा लॅपटॉप तासाभरात गरम होऊन मंद पडतो.

जमतं, पण दुपारी नाही. बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत आकडा त्याच्याही बराच वर असतो. लॅपटॉप अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याला बिघाड समजून सर्व्हिस सेंटरला नेऊ नका.

उपाय सावलीपासून सुरू होतो. झाडाची निवड नीट करा. कडुलिंब आणि चिंच उत्तम. बाभळीखाली सावली विरळ आणि काटे भरपूर; मी एकदा पारोळ्याच्या पुढे बाभळीखाली गाडी लावली आणि संध्याकाळी दोन टायर बसलेले सापडले. झाड नसेल तर हिरवी शेडनेट. रोपवाटिकेला वापरतात तीच, कृषी केंद्रात मीटरवर मिळते. ७५ टक्के सावलीची घ्या आणि टपाला चिकटवून पसरू नका. टप आणि नेट यांच्यात वीतभर मोकळी हवा राहिली पाहिजे, नाहीतर नेटची धग पत्र्यात उतरते. मी टपाच्या कॅरियरवर दोन बांबू आडवे बांधतो आणि नेट त्यावरून ताणून उन्हाच्या बाजूच्या काचांवर खाली सोडतो. समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या.

पंखा १२ व्होल्टचा घ्या आणि तोंड लॅपटॉपकडे करा. आपण घाम गाळून गार होतो, लॅपटॉपला तीही सोय नाही. आपली हवा कोरडी असल्याने खिडकीबाहेर ओला वाळ्याचा पडदा टांगला तर फरक पडतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद गाडीत ओलं फडकं टांगलं तर नुसता दमटपणा वाढतो.

बाकी वेळापत्रक बदला: पहाटे साडेपाच ते अकरा, मग संध्याकाळी सहानंतर. अमेरिकेची टीम असेल तर फायदाच. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा असतात. अगदीच नको झालं तर तोरणमाळ. ते हजार मीटरपेक्षा उंच असल्याने खालच्या तापीकाठापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असतं. तिथलं नेटवर्क आधी प्रश्न ११ मध्ये बघा.

४. एवढी यातायात कशाला? इंजिन चालू ठेवून एसी लावला तर?

दहा-वीस मिनिटं ठीक. दिवसभर नको. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन तासाला साधारण पाऊण-एक लिटर इंधन पितं. बीएस-६ डिझेल गाडीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डीपीएफ. धुरातली काजळी अडवणारी ही गाळणी मोकळी व्हायला गाडी वेगात, तापून पळावी लागते. तासन्‌तास नुसतं आयडलिंग केलं की ती तुंबते आणि बिल मोठं येतं. तिसरं, वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर उभी करून इंजिन चालू ठेवू नका, खालचा सायलेन्सर आग लावण्याइतका तापतो. आणि शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं, किंवा कुठेही ते चालू ठेवून झोपणं, कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

५. दिवसाला वीज किती लागते? हिशोब कसा करायचा?

वॅट गुणिले तास. चार्जरवर ६५ वॅट लिहिलं म्हणून लॅपटॉप सतत ६५ वॅट ओढत नाही. ऑफिसच्या कामाला सरासरी २५-३० वॅट. आठ तासांचे धरा २४०. राउटर ८ वॅट म्हणजे ६४. पंखा १२ वॅट म्हणजे जवळपास १००. दोन मोबाईल आणि रात्रीचा एक दिवा मिळून ५०. झाले साडेचारशे, गळती धरून ५०० वॅट-तास. वेगळा मॉनिटर लावणार असाल तर आणखी पावणेदोनशे. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी लॅपटॉपचा आकडा तिप्पट धरावा.

६. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर भागत नाही का?

अर्ध्या दिवसाच्या कामाला भागतं. त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपियरचा, म्हणजे सव्वाशे-दीडशे वॅट ही वरची हद्द. ६५ वॅटचा चांगला यूएसबी-सी पीडी (लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारा) कार चार्जर लावा. घरचा चार्जर आणि छोटा इन्व्हर्टर अशी दुहेरी कसरत नको. पण इंजिन बंद असताना हे सगळं गाडीच्या मूळ बॅटरीवर चालतं आणि ती एकदम मोठा झटका देऊन स्टार्ट मारण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. वारंवार पूर्ण उतरवलीत तर तिचं आयुष्य बरंच घटेल. रोजचं काम असेल तर दुसरी बॅटरी लागतेच.

७. दुसरी बॅटरी कोणती? घरच्या इन्व्हर्टरची जुनी पडून आहे, ती चालेल का?

नको. ती पन्नास-साठ किलोची असते, ॲसिड सांडतं, वायू सोडते आणि तिची अर्धीच क्षमता वापरायची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. दुकानात 'एलएफपी' किंवा 'लाइफपो-फोर' म्हणा. १२.८ व्होल्ट, १०० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास, वजन साधारण बारा किलो, आणि नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते. प्रश्न ५ च्या हिशोबाने दोन दिवस. बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) आहे ना आणि चार्जिंगची तापमान-मर्यादा किती, हे कागदावर बघून घ्या. बऱ्याच बॅटऱ्यांत ती ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. म्हणून जागा पुढच्या सीटखाली किंवा मागे जमिनीलगत, ऊन थेट पडणार नाही अशी. इंजिनशेजारी तर नाहीच. आणि पट्ट्यांनी चेसिसच्या पक्क्या भागाला आवळून बांधा. करकचून ब्रेक लागला की मोकळी बारा किलोची बॅटरी सरळ ड्रायव्हरच्या पाठीत येते.

८. गाडी चालताना ती चार्ज कशी करायची? आमचा वायरिंगवाला म्हणतो, 'रिले टाकून देतो, पाचशे रुपयांत काम.'

रिले म्हणजे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच. जुन्या गाड्यांत तो चालायचा. आताच्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) 'शहाणा' असतो: इंधन वाचवायला तो मध्येच व्होल्टेज खाली आणतो आणि लिथियम बॅटरी अर्धवटच भरते. शिवाय ही लिथियम बॅटरी अगदी रिकामी असेल तर ती रिलेतून वाटेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजतो. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, तो व्होल्टेज आणि करंट दोन्ही ताब्यात ठेवतो. ३० अँपियरचा चार्जर तासाला साडेतीनशेहून अधिक वॅट-तास भरतो. जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत दिवसभराचं काम भरून निघतं.

आता वायर. इथे लोक पैसे वाचवतात आणि मीही वाचवले होते. पहिल्या खेपेला एका दुकानात ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकून घेतली. दुकानदार म्हणाला, 'भाऊ, एसीला पण हीच लागते.' घरच्या एसीला २३० व्होल्ट असतात, इथे १२. बॉनेटपासून मागपर्यंत पाच मीटर, परतीचे पाच, ३० अँपियर करंट: एवढ्या वायरीत सव्वा व्होल्टहून जास्त वाटेतच जिरतात. चार्जर कमी व्होल्टेजचा दिवा लावून बंद पडायचा आणि मी चार्जरलाच शिव्या घालायचो. एरंडोलच्या अलीकडे जळका वास आला, मॅट उचलून पाहिलं तर फ्यूज-होल्डर बोटाच्या पेरासारखा वितळून वाकला होता. मग १० चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर टाकली. गळती अर्ध्या व्होल्टवर आली. फ्यूज मूळ बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत हवा. चार्जरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवलाच पाहिजे.

कंपनीच्या मूळ वायरिंगला कापून जोड द्यायचा नाही, वॉरंटी जाते. थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून स्वतंत्र लाइन घ्या.

९. आपल्याकडे ऊन एवढं आहे, तर टपावर सोलर टाकून मोकळं होता येईल का?

पॅनलला प्रकाश हवा, उष्णता नको. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का वीज घटते. मे महिन्यात टपावर सेल ६५ अंशांना पोचला की पंधरा टक्के तिथेच गेले. १०० वॅटचं पॅनल आडवं ठेवून चांगल्या दिवशी साडेतीनशे-चारशे वॅट-तास देईल. धूळ बसली, वरून कावळ्यांनी नक्षी काढली की आणखी कमी. आणि गंमत अशी, की पॅनलसाठी गाडी उन्हात लावावी लागते आणि तुमच्यासाठी सावलीत. म्हणून मी घडीचं पॅनल वापरतो; गाडी कडुलिंबाखाली आणि पॅनल दहा फूट वायरीवर उन्हात. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. रोज दीड-दोन तास गाडी चालवणार असाल तर सोलरशिवायही भागतं.

१०. इन्व्हर्टर घ्यायचा की नाही? आणि ते तयार 'पॉवर स्टेशन' कसं?

इन्व्हर्टर फक्त २३० व्होल्टशिवाय न चालणाऱ्या वस्तूसाठी, आणि प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखी सरळ वीज देणारा). लॅपटॉप, राउटर, पंखा थेट डीसीवर चालवा, दहा-पंधरा टक्के वीज वाचते.

पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात. ते भाड्याची गाडी, भावाची गाडी किंवा विकायला काढलेली गाडी असलेल्यांना योग्य; वायरिंगला हात लावावा लागत नाही. एकच मेख: लायटर सॉकेटवरून ते शंभर वॅटने चार्ज होतं, म्हणजे हजार वॅट-तासांना दहा तास. म्हणजे ढाब्यावर चार्जिंग आलंच. विचारल्याशिवाय प्लग लावू नका, आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तिथे अर्थिंग नाही असं समजून काढून घ्या.

११. नेटवर्क कुठे मिळतं? एक सिम पुरेल का?

पुरणार नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, एक राउटरमध्ये आणि एक मोबाईलमध्ये. नवापूर–धुळे–जळगाव–भुसावळ हा महामार्गाचा पट्टा सोपा आहे. शहाद्याच्या पुढे तोरणमाळकडचा घाट सुरू झाला, धडगाव-मोलगीकडे वळलात किंवा रावेरहून पालकडे चढलात, की डोंगराच्या वळणावळणाला चित्र बदलतं. तिथे दरीत नाही, खिंडीत किंवा माथ्यावर गाडी लावा. पाच-पन्नास मीटर पुढे-मागे करून फरक पडतो, म्हणून लावण्याआधी स्पीड टेस्ट करा आणि त्यात अपलोडचा आकडा बघा. व्हिडिओ कॉलला दीड एमबीपीएस अपलोड स्थिर मिळत असेल तर चिंता नाही. तासाचा कॉल साधारण एक जीबी खातो.

राउटर सुटा ठेवून वायरीवर काचेजवळ लावा. मोबाईलचा हॉटस्पॉट दिवसभर चालवला तर उन्हाळ्यात मोबाईल आधी तापतो, मग नेट सोडतो.

१२. ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतात. एक टपावर लावू का?

नका लावू. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, कारण तो आसपासच्या टॉवरचा सिग्नल बिघडवतो. राउटरला बाहेरचा साधा अँटेना जोडणं ही वेगळी गोष्ट, तो सिग्नल वाढवून पुन्हा फेकत नाही. ते करा. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय जवळ बाळगू नका, थेट गुन्हा दाखल होतो.

१३. बसायचं कसं? दोन तासांत मान आखडते.

घरची खुर्ची आणि टेबल मोजा: बसण्याच्या जागेपासून टेबलाची उंची साधारण २५ ते २८ सेंटिमीटर येईल. गाडीत तेवढंच ठेवा. मांडीवर लॅपटॉप ठेवला की पडदा खाली जातो आणि मान त्याच्या मागे जाते. ड्रायव्हर सीटवर काम करू नका. स्टिअरिंगला अडकवायचा ट्रे मेल बघण्यापुरता. डाव्या बाजूच्या मागच्या सीटवर बसा, पुढचं सीट पूर्ण पुढे सरकवा. मी सुताराकडून १२ मिमी प्लायची फळी करून घेतली, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्याला घडीचा पाय. वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉपखाली चार इंच उंचवटा. प्रवासात हे सगळं बांधलेलं हवं आणि एअरबॅगच्या वाटेत काहीच बसवायचं नाही.

१४. मागची सीटं काढून पक्कं टेबल केलं, काचांना फिल्म लावली तर आरटीओ पकडेल का?

एमएच-१८ असो, १९ असो की ३९, कायदा एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील. सीट दुमडून त्यावर सुटी फळी ठेवणं हा फेरफार नाही, बोल्ट काढून सीट घरी ठेवणं मात्र फेरफार आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच शोधते. वायरिंगचा बदलही विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. काळ्या फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशापासून कारवाई होत आली आहे. गाडी उभी असताना काढता-घालता येणारे पडदे वापरा, निघताना काढा.

१५. माझी सीएनजी गाडी आहे. मागे सिलिंडर आहे, त्याच्याजवळ बॅटरी ठेवली तर?

नाही. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि गॅसची नळी यांच्याजवळ बॅटरी, फ्यूज, रिले, इन्व्हर्टर काहीही नको. वायरही त्या बाजूने न्यायची नाही. गाडीच्या तळाला भोक पाडण्याआधी खालून नळी कुठून जाते ते गाडी रॅम्पवर घेऊन बघा. बॅटरी पुढच्या सीटखाली. तिथे शंभरची बसत नसेल तर पन्नासची घ्या आणि हिशोब आखूड करा.

१६. बायको गाडी चालवते, मी शेजारी मीटिंग करतो. चालेल ना?

शेजारी बसून कायद्याने हरकत नाही. चालवणाऱ्याने मात्र हातात फोन घ्यायचा नाही, मग चालवणारं दोघांपैकी कोणीही असो. पण टॉवर बदलताना आवाज तुटतो, तेव्हा महत्त्वाची मीटिंग थांबूनच करा. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर नको. कलम १२२ प्रमाणे धोकादायक जागी गाडी उभी करणं गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमची मीटिंग दिसत नाही.

१७. रात्री गाडी कुठे लावावी?

मोठा पेट्रोल पंप किंवा रात्रभर चालणारा ढाबा, विचारून. शेवभाजी तिथेच खाल्लीत तर कोणी नाही म्हणत नाही. यावल, अनेर धरण आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात नदीपात्रात, फरशी पुलाजवळ कधीच नाही. पांझरा आणि गिरणेला वरच्या पावसाने पाणी येतं, तुमच्या डोक्यावर ढग असो-नसो.

१८. लोक काचेतून डोकावतात, प्रश्न विचारतात. मीटिंग चालू असताना काय करायचं?

हेडफोन लावून हात जोडा, लोक समजून घेतात. गावात दिवसभर गाडी लावणार असाल तर आधी जवळच्या घरी जाऊन सांगा, पाण्याचीही सोय होते. माझ्या काचेवर एकदा साक्रीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांनी टकटक केली. 'काय करी ऱ्हायना रे भाऊ?' मी सांगितलं, कंपनीचं काम. लॅपटॉप, टपावरचे बांबू, अँटेना असं सगळं त्यांनी नीट न्याहाळलं आणि घरी जाऊन सातबारा घेऊन आले. त्यांना मी रस्त्याच्या मोजणीचा माणूस वाटलो होतो. मीटिंग म्यूट करून अर्धा तास मी त्यांचा सातबारा वाचून दाखवला.